रिॲक्ट ॲपमधील स्टेट: कोणती माहिती कोणाच्या ताब्यात असावी

प्रश्न थोडक्यात असा आहे. घाऊक विक्रीच्या ऑर्डरी हाताळणाऱ्या कर्मचाऱ्यांसाठी रिॲक्ट या पडदे उभारण्याच्या जावास्क्रिप्ट लायब्ररीवर बनवलेले एक ॲप आहे, ते काही वर्षांत बरेच वाढले आहे आणि त्यातील जवळजवळ सगळी स्टेट, म्हणजे ॲपने त्या क्षणी लक्षात ठेवलेली माहिती, रिडक्स या स्टेट सांभाळणाऱ्या लायब्ररीच्या एकाच स्टोअरमध्ये, म्हणजे सामाईक कोठारात आहे. तक्रारी चार आहेत: ऑर्डरची स्थिती बदलली तरी यादीत जुनीच स्थिती दिसत राहते; ब्राउझरचे मागे जाण्याचे बटण दाबले की लावलेले फिल्टर पुसले जातात; शोधाच्या चौकटीत भरभर टाइप केले तर कधीकधी भलतेच निकाल येतात; आणि मोठ्या फॉर्ममध्ये एकेक अक्षर उमटायला वेळ लागतो. यावर उपाय म्हणून रिडक्स काढून झुस्टँड ही त्याच कामाची दुसरी लायब्ररी आणावी का, अशी विचारणा आहे.

लायब्ररी बदलण्याचा निर्णय तूर्त बाजूला ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. या चारपैकी एकही तक्रार मुळात रिडक्सची नाही, आणि आजची रचना जशीच्या तशी झुस्टँडमध्ये नेली तर चारही तक्रारी तिच्यासोबत जातील. स्टोअरमध्ये ठेवलेल्या प्रत्येक माहितीचा खरा मालक कोण, हे कधी ठरवले गेले नाही, हे या तक्रारींचे समान कारण आहे. ऑर्डरची स्थिती काय आहे हे शेवटी सर्व्हरवरचा डेटाबेस सांगतो. कोणता फिल्टर लावला आहे हे ॲड्रेस बारने सांगायला हवे. अर्धवट भरलेला फॉर्म, जोपर्यंत 'जतन करा' दाबलेले नाही तोपर्यंत, त्या फॉर्मचा स्वतःचा असतो. एखादा ड्रॉपडाउन उघडा आहे की मिटलेला, याच्याशी त्या ड्रॉपडाउनखेरीज कोणाचाही संबंध नसतो. एवढे सगळे ज्याच्या त्याच्या हवाली केल्यावर जे उरते, ती खऱ्या अर्थाने ॲपची सामाईक स्टेट असते, आणि ती बहुतेक वेळा आश्चर्य वाटावे इतकी थोडी असते.

मग सगळे एकाच स्टोअरमध्ये का गेले, हेही समजून घेतले पाहिजे, कारण तुमच्या आधीच्या सहकाऱ्यांनी ते निष्काळजीपणाने केलेले नाही. २०१४ साली फेसबुकच्या अभियंत्यांनी फ्लक्स ही रचना मांडली तेव्हा त्यांच्यासमोर चॅटमधील न वाचलेल्या संदेशांच्या आकड्याचा प्रश्न होता: संदेश वाचून झाला तरी आकडा हलत नसे, कारण एकच गोष्ट पडद्यावरच्या अनेक भागांनी आपापल्या परीने धरून ठेवली होती. माहिती एकाच दिशेने वाहावी आणि बदल एकाच वाटेने व्हावेत, हे त्यावरचे उत्तर होते. २०१५ साली डॅन अब्रामोव्ह आणि अँड्र्यू क्लार्क यांनी रिडक्स आणले, त्यात एल्म भाषेतील रचनेचाही प्रभाव होता, आणि 'संपूर्ण ॲपसाठी एकच स्टोअर' हा विचार रूढ झाला. त्या काळात सर्व्हरकडून आणलेली माहिती सांभाळणारे वेगळे साधन फारसे कोणाच्या हाती नव्हते, म्हणून तीही त्याच स्टोअरमध्ये गेली. रिडक्स सांभाळणाऱ्या चमूची आजची शिफारस मात्र वेगळी आहे. रिडक्स टूलकिट हा रिडक्स सोपे करणारा अधिकृत संच २०१९ मध्ये आला, २०२१ मध्ये त्यात आरटीके क्वेरी हा सर्व्हरच्या माहितीसाठीचा भाग आला, आणि २०२२ मध्ये स्टोअर बनवणाऱ्या जुन्या क्रिएटस्टोअर फंक्शनवर 'हे वापरू नये' अशी खूण करण्यात आली.

आता पहिली तक्रार जवळून पाहू. असल्या ॲपमध्ये सहसा असे चित्र असते: स्टोअरमध्ये ऑर्डरींची एक यादी असते, वापरकर्त्याने एखादी ऑर्डर उघडली की तिची संपूर्ण प्रत 'निवडलेली ऑर्डर' या नावाने वेगळी ठेवली जाते, आणि डॅशबोर्डसाठी प्रलंबित ऑर्डरींची संख्या तिसऱ्या ठिकाणी असते. समजा, १०४२ क्रमांकाची ऑर्डर कर्मचाऱ्याने 'रवाना' केली. विनंती यशस्वी झाली, रिड्यूसरने (स्टोअरमधील स्टेट बदलणाऱ्या फंक्शनने) निवडलेल्या ऑर्डरची प्रत बदलली, आणि तपशिलाच्या पडद्यावर 'रवाना' दिसू लागले. यादीतील तीच ऑर्डर मात्र अजून 'प्रलंबित' आहे, आणि डॅशबोर्डवरचा आकडाही जुनाच आहे. मग कोणीतरी यादीचा रिड्यूसर त्याच ॲक्शनला (काय घडले हे स्टोअरला सांगणाऱ्या संदेशाला) जोडतो, पुढच्या महिन्यात आकड्याचाही जोडतो, आणि त्यानंतर ऑर्डर रद्द करण्याची सोय येते तेव्हा या तीनपैकी एक जोडणी राहून जाते. एकच सत्य तीन जागी लिहिले की प्रत्येक नव्या ॲक्शनला तीन जागांची आठवण ठेवावी लागते. लोक कितीही काळजीपूर्वक काम करणारे असले तरी हे कायम साधत नाही.

शिवाय, या तिन्ही प्रती बरोबर ठेवल्या तरी प्रश्न पुरता सुटत नाही, कारण मूळ नोंद तुमच्या ब्राउझरमध्ये नाहीच. सातबाऱ्याचा उतारा आपल्या हातात असतो, पण नोंद महसूल दफ्तरात असते. उताऱ्यावरची तारीख पाहिल्याशिवाय त्यावर कोणी व्यवहार करत नाही, आणि आपल्याजवळच्या उताऱ्यावर पेनाने दुरुस्ती केली म्हणून दफ्तर बदलत नाही. सर्व्हरकडून आलेल्या माहितीचे अगदी असेच आहे. दुसऱ्या टेबलावरचा कर्मचारी तीच ऑर्डर त्याच वेळी बदलत असू शकतो. म्हणून या माहितीला ॲपची स्टेट न मानता तारीख घातलेली प्रत मानावे, म्हणजे कॅशे म्हणून वागवावे: ही प्रत कशाची आहे, ती कधी घेतली, ती किती वेळ चालवून घ्यायची आणि ती कधी बाद समजायची, एवढेच प्रश्न तिच्याबाबत विचारायचे असतात.

टॅनस्टॅक क्वेरी, एसडब्ल्यूआर आणि आरटीके क्वेरी ही साधने नेमके हेच काम करतात. यातील पहिली आधी रिॲक्ट क्वेरी या नावाने ओळखली जात असे. टॅनस्टॅक क्वेरीत प्रत्येक प्रतीला एक की, म्हणजे ओळखीचे नाव, असते. उदाहरणार्थ 'ऑर्डरी' हा शब्द आणि त्यापुढे फिल्टर व पान क्रमांक असलेला ऑब्जेक्ट. ज्या ज्या कॉम्पोनंटला (पडद्याच्या स्वतंत्र भागाला) ती यादी हवी, तो त्याच कीने मागतो आणि सर्वांना एकच प्रत मिळते. ऑर्डर रवाना केल्यावर 'ऑर्डरी' या शब्दाने सुरू होणाऱ्या सगळ्या प्रती बाद झाल्या असे एका ओळीत सांगायचे. ज्या प्रती त्या क्षणी पडद्यावर वापरात आहेत त्या लगेच पुन्हा आणल्या जातात, आणि बाकीच्यांवर फक्त शिळेपणाची खूण होते. त्यानंतर यादी, तपशील आणि आकडा यांच्यासाठी तीन वेगळे रिड्यूसर लिहावे लागत नाहीत. आणली जात आहे, आली, चूक झाली, या तीन गोष्टींसाठी प्रत्येक स्लाइसमध्ये (स्टोअरच्या एकेका विभागात) लिहिलेला तोच तो कोडही जातो.

येथे दोन सेटिंगांची गल्लत फार होते, म्हणून ती स्पष्ट करतो. स्टेलटाइम म्हणजे प्रत किती वेळ ताजी मानायची. मूळ सेटिंग शून्य आहे, म्हणजे प्रत आल्याबरोबर शिळी समजली जाते. शिळी प्रतसुद्धा लगेच दाखवली जाते, पण कॉम्पोनंट नव्याने आला, खिडकीवर पुन्हा फोकस आला किंवा तुटलेले नेटवर्क परत जुळले की मागच्या मागे नवी प्रत मागवली जाते. जीसीटाइम म्हणजे कोणीही वापरत नसलेली प्रत मेमरीत किती वेळ ठेवायची. तिची मूळ सेटिंग पाच मिनिटे आहे. पाचव्या आवृत्तीपूर्वी याचे नाव कॅशेटाइम होते आणि त्या नावामुळेच पुष्कळ लोक ते वाढवून 'विनंत्या कमी का होत नाहीत' असे विचारत असत. विनंत्या कमी करायच्या असतील तर स्टेलटाइम वाढवावा, आणि तोही माहितीचा स्वभाव पाहून: राज्यांची यादी किंवा कराचे दर यांसाठी एक तासही चालतो, गोदामातील शिल्लक मालासाठी काही सेकंदसुद्धा जास्त ठरू शकतात.

तुमच्याकडे रिडक्स आधीपासून आहे, त्यामुळे मी तुमच्या जागी असतो तर आरटीके क्वेरी निवडली असती. ती त्याच स्टोअरमध्ये बसते, तिच्या ॲक्शन त्याच डेव्हटूल्समध्ये दिसतात, आणि कोणती विनंती कोणत्या टॅगची माहिती देते व कोणता बदल कोणता टॅग बाद करतो हे एका फाइलमध्ये लिहिलेले असते, त्यामुळे नव्या माणसाला ते वाचून समजते. तिचे मूळ वर्तन थोडे वेगळे आहे हे मात्र लक्षात असू द्यावे: वापरात नसलेली प्रत ती साठ सेकंदच ठेवते, आणि खिडकीवर फोकस आल्यावर पुन्हा आणण्याची सोय आपणहून चालू करावी लागते. कोणतेही साधन घ्या, पण एक गोष्ट कटाक्षाने टाळावी: क्वेरीकडून आलेली माहिती यूजइफेक्टमध्ये (पडदा उभा राहिल्यावर चालणाऱ्या कोडमध्ये) पकडून पुन्हा यूजस्टेटमध्ये (कॉम्पोनंटच्या स्वतःच्या स्टेटमध्ये) किंवा दुसऱ्या स्लाइसमध्ये उतरवू नये. तसे केले की कॅशेने सोडवलेला प्रश्न पुन्हा पहिल्या जागी येतो.

सर्व्हरचे उत्तर येण्याआधीच पडद्यावर बदल दाखवण्याची पद्धत अलीकडे लोकप्रिय आहे, आणि रिॲक्टच्या १९ व्या आवृत्तीत तर त्यासाठी यूजऑप्टिमिस्टिक हा हुकही (कॉम्पोनंटमध्ये वापरायचे रिॲक्टचे तयार फंक्शन) आला आहे. ती वापरायची तर पूर्ण वापरावी: आधी चालू असलेली विनंती रद्द करायची, नाहीतर तिचे उशिरा आलेले जुने उत्तर तुमचा बदल पुसून टाकते, मग जुनी प्रत जपून ठेवायची, बदल दाखवायचा, चूक झाली तर जुनी प्रत परत लावायची, आणि शेवटी काहीही झाले तरी प्रत बाद करून खरी स्थिती मागवायची. एखाद्या नोंदीला तारांकित करणे, यादीतील क्रम बदलणे अशा कामांसाठी ही पद्धत उत्तम आहे. पैसे जमा झाले किंवा माल राखून ठेवला, असे सांगणाऱ्या पडद्यावर मात्र ती वापरू नये. तेथे वापरकर्त्याला दोन क्षण थांबावे लागले तरी चालते, पण 'झाले' म्हणून सांगून नंतर 'झाले नाही' म्हणणे चालत नाही, कारण तेवढ्या वेळात त्याने गिऱ्हाइकाला फोनवर होकार दिलेला असतो.

शोधाच्या चौकटीची तक्रार याच घरातील आहे. कर्मचाऱ्याने 'सो' टाइप केले, विनंती गेली. मग 'सोलापूर' पूर्ण केले, दुसरी विनंती गेली. 'सो'ला जुळणाऱ्या नोंदी पुष्कळ, म्हणून तिचे उत्तर मोठे आणि सावकाश. 'सोलापूर'चे उत्तर लहान, ते आधी पोहोचले. यादी क्षणभर बरोबर दिसली आणि मग मागाहून आलेल्या 'सो'च्या उत्तराने ती झाकली. चौकटीत 'सोलापूर' आणि खाली सोनई, सोयगाव, सोलापूर सगळेच. बहुतेक ठिकाणी यावर डिबाउन्स लावला जातो, म्हणजे टाइप करणे तीनशे मिलिसेकंद थांबले तरच विनंती पाठवायची. त्याने विनंत्या कमी होतात आणि दोष क्वचित दिसतो, पण दोष जात नाही. मंद नेटवर्कवर तीनशे मिलिसेकंदांनी काही साधत नाही. खरा उपाय म्हणजे उत्तर ज्या शब्दाचे आहे त्याच शब्दाच्या नावे ठेवणे. शोधाचा शब्द कीमध्ये असला की 'सो'चे उत्तर 'सो'च्या कप्प्यात जाते आणि पडदा 'सोलापूर'चा कप्पा पाहत असतो, त्यामुळे कोण आधी आले याला महत्त्व उरत नाही. हाताने यूजइफेक्ट लिहीत असाल तर क्लीनअप फंक्शनमध्ये ॲबॉर्टकंट्रोलर वापरून आधीची विनंती रद्द करावी. की बदलताना यादी क्षणभर रिकामी होऊन पडदा लुकलुकतो, असे आढळेल. टॅनस्टॅक क्वेरीच्या पाचव्या आवृत्तीत नवी माहिती येईपर्यंत आधीची दाखवत राहण्याची सोय आहे, ती येथे जरूर घ्यावी, आणि जुनी यादी थोडी फिकट करून ती जुनी असल्याचे वापरकर्त्याला कळू द्यावे.

फिल्टरांची तक्रार सोडवायला सर्वांत सोपी, आणि तिचा उपाय केल्यावर कर्मचाऱ्यांना सर्वांत जास्त बरे वाटते. फिल्टर, क्रमवारी, पान क्रमांक, निवडलेला टॅब आणि उघडलेल्या ऑर्डरचा क्रमांक यांचा मालक यूआरएल असावा. ओळखण्याची कसोटी एवढीच: ही लिंक मी सहकाऱ्याला पाठवली, तर त्याला मी पाहतो तेच दिसायला हवे का? उत्तर होकारार्थी असेल तर ती माहिती यूआरएलमध्ये जाते, आणि मग मागे जाणे, रिफ्रेश करणे, बुकमार्क करणे या गोष्टी ब्राउझर स्वतः सांभाळतो. यूआरएलमधून वाचलेले मूल्य पुन्हा स्टोअरमध्ये ठेवू नये. दर रेंडरला, म्हणजे कॉम्पोनंट नव्याने उभा राहताना दर वेळी, तेथूनच वाचावे. वापरकर्त्याने मुद्दाम केलेल्या बदलासाठी इतिहासात नवी नोंद करावी, पण शोधाच्या शब्दासारखे सतत बदलणारे मूल्य असेल तर आहे तीच नोंद बदलावी, नाहीतर मागे जाण्याचे बटण एकेक अक्षर पुसत बसेल. यूआरएलमध्ये कोणीही काहीही लिहू शकतो, म्हणून पान क्रमांकाच्या जागी उणे पाच किंवा अक्षरे आली तरी ॲप कोसळू नये इतकी तपासणी वाचतानाच करावी. गिऱ्हाइकांचे फोन नंबर यासारखी माहिती मात्र तेथे घालू नये; यूआरएल सर्व्हरच्या लॉगमध्ये आणि ब्राउझरच्या इतिहासात राहते.

फॉर्मच्या संथपणाकडे वळतो, कारण येथे रिडक्सवर सर्वांत जास्त आरोप होतात. प्रत्येक अक्षराला ॲक्शन डिस्पॅच केली, म्हणजे स्टोअरकडे पाठवली, की स्टोअरशी जोडलेला प्रत्येक यूजसिलेक्टर (स्टोअरमधून हवा तो भाग वाचणारा हुक) आपले फंक्शन पुन्हा चालवतो आणि आधीच्या उत्तराशी नवे उत्तर रेफरन्सने (मेमरीतील वस्तू तीच आहे का, एवढ्यावरून) ताडून पाहतो. हे काम मुळात स्वस्त आहे. पण सिलेक्टरच्या आत कोणी यादीवर फिल्टर किंवा मॅप लावला असेल, तर दर वेळी नवा ॲरे तयार होतो, आतील माहिती तीच असली तरी रेफरन्स वेगळा असतो, आणि तो कॉम्पोनंट त्याच्या मुलांसकट पुन्हा रेंडर होतो. म्हणजे वापरकर्ता पत्त्याच्या रकान्यात अक्षर टाइप करतो आणि मागे पाचशे ओळींची यादी नव्याने उभी राहते. रिॲक्ट-रिडक्सच्या नव्या आवृत्त्या विकासाच्या वातावरणात असा सिलेक्टर आढळल्यास कन्सोलमध्ये इशारा देतात. तुमच्या कन्सोलमध्ये तो बहुधा कधीचा येत असेल. आधीचे उत्तर जपून ठेवणारे क्रिएटसिलेक्टर वापरून असे सिलेक्टर लिहिले की यादीचा प्रश्न सुटतो, आणि ते आधी करावे. तरीही फॉर्मचा मसुदा स्टोअरमध्ये असण्याचे कारण उरत नाही. तो फॉर्ममध्येच ठेवावा आणि 'जतन करा' दाबल्यावरच बाहेर पाठवावा. रकाने पाच-सहा असतील तर यूजस्टेट पुरेसे आहे. चाळीस रकाने, ओळी वाढवता येणारी मालाची सारणी आणि रकान्यांचे परस्परावलंबी नियम असतील तर रिॲक्ट हुक फॉर्मसारखे साधन घ्यावे, कारण ते इनपुटमधील मूल्ये रेफने (इनपुटच्या थेट दुव्याने) वाचते आणि प्रत्येक अक्षराला संपूर्ण फॉर्म रेंडर करत नाही.

मसुदा आणि सर्व्हरची प्रत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे येथे फार जपावे लागते. फॉर्म उघडताना सर्व्हरच्या प्रतीवरून सुरुवातीची मूल्ये घ्यायची आणि तेथे त्यांचे नाते तोडायचे. नाहीतर कर्मचारी चहा घेऊन परत येतो, खिडकीवर फोकस येतो, मागून ताजी प्रत येते आणि त्याने भरलेले सगळे पुसले जाते. दुसरी ऑर्डर उघडल्यावर फॉर्म नव्याने सुरू व्हावा यासाठी इफेक्ट लिहू नये. फॉर्मच्या कॉम्पोनंटला ऑर्डरचा क्रमांक की म्हणून द्यावा, क्रमांक बदलला की रिॲक्ट जुना कॉम्पोनंट टाकून नवा बनवते. मधल्या काळात दुसऱ्या कोणी तीच ऑर्डर बदलली असेल, तर ते ओळखण्याचे काम सर्व्हरचे आहे: वाचताना मिळालेला ईटॅग (नोंदीच्या आवृत्तीची खूण) जतन करताना इफ-मॅच हेडरमध्ये परत पाठवावा, आणि ४१२ क्रमांकाचे, म्हणजे आवृत्ती जुळत नसल्याचे, उत्तर आले तर दोन्ही आवृत्त्या समोर ठेवून वापरकर्त्याला ठरवू द्यावे. सर्व्हरवर ही सोय नसेल तर ती मागून घ्यावी. ब्राउझरमधील कोणतीही लायब्ररी तिची जागा घेऊ शकत नाही.

आता एक अशी गोष्ट, जी तुमच्या चार तक्रारींत नाही पण कोड तपासताना नक्की सापडेल. हिशेबाने काढता येते ते साठवू नये. मालाच्या ओळी स्टेटमध्ये असतील तर एकूण रक्कम वेगळी ठेवायची नाही. यादी आणि निवडलेल्या ऑर्डरचा क्रमांक असेल तर निवडलेली ऑर्डर वेगळी ठेवायची नाही. अनेक जण रक्कम यूजस्टेटमध्ये ठेवून ओळी बदलल्या की यूजइफेक्टमध्ये ती नव्याने मोजतात. त्यात पडदा आधी नव्या ओळी आणि जुनी रक्कम घेऊन रेंडर होतो, मग इफेक्ट चालतो, मग पुन्हा रेंडर होतो. आणि त्या मधल्या क्षणी कोणी 'जतन करा' दाबले तर चुकीची रक्कमही जाऊ शकते. रेंडरच्या वेळीच बेरीज करावी. शंभर-दोनशे ओळींची बेरीज ही ब्राउझरसाठी नगण्य आहे. यूजमेमो (काढलेले उत्तर जपून ठेवणारा हुक) तेव्हाच लावावा जेव्हा प्रोफायलरमध्ये (रेंडरचा वेळ मोजणाऱ्या साधनात) तो खर्च प्रत्यक्ष दिसतो.

त्याच तपासणीत स्थिती सांगणारी सुटी बूलियन (हो किंवा नाही एवढीच) मूल्येही शोधावीत. 'आणत आहे', 'चूक झाली', 'यशस्वी झाले' अशी तीन बूलियन ठेवली तर त्यांच्या आठ जोड्या होतात, आणि अर्थपूर्ण त्यांतील चारच: काही सुरू नाही, आणत आहे, चूक, यश. उरलेल्या चारपैकी एखादी कधीतरी प्रत्यक्षात येते आणि पडद्यावर फिरते चक्र आणि चुकीचा संदेश एकदमच दिसतात. एकच 'स्थिती' ठेवावी आणि तिला चारपैकी एक मूल्य द्यावे. टाइपस्क्रिप्ट वापरत असाल तर यशाच्या वेळीच माहिती आणि चुकीच्या वेळीच संदेश असेल असा युनियन टाइप लिहावा. पैसे भरण्याचा किंवा परताव्याचा बहुटप्पी प्रवाह असेल तर याच विचाराची पुढची पायरी म्हणजे स्टेट मशीन, ज्यात ठराविक स्थिती आणि एकीतून दुसरीत जाण्याच्या वाटा आधीच लिहिलेल्या असतात. डेव्हिड हॅरेल यांनी १९८७ साली मांडलेल्या स्टेटचार्टवर आधारलेली एक्सस्टेट ही लायब्ररी त्यासाठी चांगली आहे. एखाद्या मोडलसाठी तिची गरज नाही.

एवढे झाल्यावर स्टोअरमध्ये काय उरते ते पाहावे. माझ्या अंदाजाने तुमच्याकडे लॉग-इन केलेली व्यक्ती आणि तिचे अधिकार, भाषा व थीम, निवडलेले गोदाम, आणि फार तर यादीतील टिक केलेल्या ऑर्डरी एवढे उरेल. यातील क्वचित बदलणाऱ्या गोष्टींना कॉन्टेक्स्ट, म्हणजे आतल्या कॉम्पोनंटना माहिती पोहोचवण्याची रिॲक्टची स्वतःची सोय, पुरतो. वारंवार बदलणाऱ्या गोष्टी मात्र त्यात ठेवू नयेत, कारण कॉन्टेक्स्टचे मूल्य बदलले की ते वाचणारा प्रत्येक कॉम्पोनंट रेंडर होतो, आणि त्यातील एखादाच भाग निवडून ऐकण्याची सोय त्यात नाही. उरलेल्या थोड्याशा सामाईक स्टेटसाठी झुस्टँड उत्तम आहे: लहान आहे, प्रोव्हायडर लागत नाही, आणि सिलेक्टरने हवा तेवढाच भाग घेता येतो. रिडक्स टूलकिट त्यापेक्षा थोडे जास्त लिहायला लावते, पण कोणती ॲक्शन कधी आली आणि तिने काय बदलले याची संपूर्ण नोंद देते. मोठ्या चमूत, विशेषतः माणसे बदलत राहतात तेथे, ही नोंद फार उपयोगी पडते. तुमच्याकडे रिडक्स आहे, चमूला ते येते, म्हणून ते काढण्यात मला काही लाभ दिसत नाही. नव्याने सुरू करणाऱ्या लहान चमूला मी झुस्टँड सांगितले असते.

निवड करताना साधनाच्या आयुष्याचाही विचार करावा. फेसबुकने २०२० मध्ये मोठ्या अपेक्षेने आणलेल्या रिकॉइल या स्टेट सांभाळणाऱ्या लायब्ररीचे कोडचे भांडार २०२५ च्या जानेवारीत संग्रहात टाकले गेले, आणि ज्यांची सगळी स्टेट तिच्या ॲटममध्ये (स्टेटच्या छोट्या तुकड्यांमध्ये) गुंतली होती त्यांना स्थलांतराचे काम अंगावर घ्यावे लागले. सिग्नल्सची, म्हणजे बदलले की फक्त स्वतःवर अवलंबून असलेला भाग ताजा करणाऱ्या मूल्यांची, आज पुष्कळ चर्चा आहे, आणि ती पोकळ नाही. रिॲक्टसारखीच पडदे उभारणारी साधने पाहा: सॉलिड त्यांवरच उभे आहे, अँग्युलरने २०२३ मध्ये १६ व्या आवृत्तीत ते आणले, व्ह्यूचे रेफ त्याच जातीचे आहेत, आणि जावास्क्रिप्ट भाषेतच ते यावेत असा प्रस्ताव २०२४ मध्ये त्या भाषेचे मानक ठरवणाऱ्या टीसी३९ समितीच्या पहिल्या टप्प्यावर पोहोचला. पण सिग्नल्स कोणता कॉम्पोनंट कधी रेंडर व्हावा हे अधिक नेमकेपणाने ठरवतात. १०४२ क्रमांकाची ऑर्डर तीन जागी ठेवली असेल तर ती तेथेही तीन जागीच राहते. व्ह्यू आणि त्याचे स्टोअर पिनिया वापरणाऱ्यांनाही वरचे सगळे तितकेच लागू आहे.

कामाचा क्रम असा ठेवावा. संपूर्ण ॲप एकदम नव्याने लिहू नये. ऑर्डरींचा विभाग आधी घ्यावा, कारण तक्रारी तेथे आहेत: त्याची सर्व्हरची माहिती आरटीके क्वेरीत न्यावी, जुना स्लाइस आणि त्याचे थंक (विनंत्या पाठवणारी फंक्शने) त्याच पुल रिक्वेस्टमध्ये (कोडबदलाच्या प्रस्तावात) काढून टाकावेत. हे काढून टाकणे पुढच्या वेळेवर ढकलले की दोन्ही व्यवस्था शेजारी शेजारी राहतात आणि चौथी प्रत तयार होते. मग फिल्टर यूआरएलमध्ये, मग फॉर्म. प्रत्येक टप्प्यानंतर ॲप वापरायोग्य राहते आणि नवे काम अडत नाही. जुन्या आणि नव्या पद्धतीचे विभाग काही महिने एकत्र नांदतील, त्याची काळजी करू नये.

शेवटी दोन ठिकाणे जरूर तपासावीत. स्टोअर लोकलस्टोरेजमध्ये (ब्राउझरच्या टिकाऊ साठवणीत) जतन करणारे साधन असेल, तर त्यातून सर्व्हरची माहिती वगळावी. ही जागा साधारण पाच एमबीची असते, तिचे वाचन-लेखन मुख्य थ्रेड अडवून होते, आणि नव्या आवृत्तीत स्टेटचा आकार बदलला की जुन्या आकाराची साठवलेली स्टेट वाचताना ॲप कोसळू शकते, म्हणून जे काही ठेवाल त्याला आवृत्ती क्रमांक द्यावा. दुसरे ठिकाण लॉग-आउट. कार्यालयात एकच संगणक अनेक जण वापरतात, आणि लॉग-आउटनंतर नुसते लॉग-इनच्या पानावर नेले तर मेमरीतील प्रती तशाच राहतात. पुढच्या माणसाला क्षणभर आधीच्या माणसाच्या ऑर्डरी दिसतात. लॉग-आउटच्या वेळी आरटीके क्वेरीचा कॅशे रीसेट करावा, रूट रिड्यूसरमध्ये बाकीची स्टेट मूळ मूल्यांवर आणावी, आणि त्याच ॲपच्या दुसऱ्या टॅबना ब्रॉडकास्टचॅनेलने (टॅबांमध्ये संदेश पाठवण्याच्या ब्राउझरच्या सोयीने) कळवून तेथेही हेच घडवावे.